अंतरीचा किल्ला, मठाचा संसार

ऑक्टोबर १५७१. स्पेनमधल्या आविला शहरातील एन्कार्नासियोन मठात नव्या प्रमुख मदरला पाऊल ठेवू द्यायचे नाही, असा चंग बऱ्याच धर्मभगिनींनी बांधला होता. दारातच आरडाओरडा झाला. वरून नेमून आलेली ही मदर म्हणजे आविलाची तेरेसा. पंचवीसहून अधिक वर्षे याच मठात राहून ती बाहेर पडली होती आणि कडक नियमांचा वेगळा मठ तिने काढला होता. भगिनी पहिल्या सभेला आल्या, तेव्हा प्रमुखाच्या आसनावर मरियेची मूर्ती होती, मूर्तीच्या हाती मठाच्या किल्ल्या होत्या आणि तेरेसा तिच्या पायाशी बसली होती. मग तिने आधी जेवणाचा प्रश्न हाती घेतला. मठ कर्जबाजारी होता, भगिनी अर्धपोटी राहत होत्या. ओळखीच्या धनिकांकडे शब्द टाकून तिने मदत मिळवली.

तेरेसाचे नाव निघते ते बहुधा तिच्या भावसमाधीसाठी आणि दिव्य दर्शनांसाठी. ख्रिस्तसभेच्या नूतनीकरणाविषयी तिने जे शिकवले, ते मात्र फार व्यवहारी आहे. अंतरीची प्रार्थना आणि घराची घडी या दोन्ही एकदमच सुधाराव्या लागतात, असे तिचे सांगणे.

हे तिला अनुभवातून कळले. एन्कार्नासियोनमध्ये दीडशेच्या वर स्त्रिया राहत. ऐपतदार घरच्या भगिनींना स्वतंत्र खोल्या आणि दिमतीला नोकर, गरिबांना सामायिक दालन. नावाआधी ‘दोन्या’ ही मानाची पदवी मठातही सुटत नसे. तेरेसालाही ऐसपैस जागा मिळाली होती. पाहुण्यांच्या गप्पांत दिवस जात आणि प्रार्थनेत मन रमत नसे. १५५४ मध्ये जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीसमोर ती कोसळून रडली, आणि तिथून तिचे आयुष्य पालटले.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलातच सान होसे हा छोटा मठ उभा राहिला. भगिनींची संख्या सुरुवातीला तेराच ठरली. ठरावीक उत्पन्न नाही. भिक्षा आणि सूतकताईवर गुजराण. शहरावर आणखी एका मठाचा भार नको, म्हणून नगरसभेने तो बंद पाडण्याचा प्रयत्न केला, कोर्टकज्जा झाला. आत ‘दोन्या’ म्हणण्यास बंदी होती. केर काढण्याच्या पाळीत पहिले नाव प्रमुख मदरचे, असा लेखी नियम होता. दिवसातून दोन तास मौन प्रार्थना होती, तसाच मनमोकळ्या गप्पांसाठीही वेळ राखलेला होता.

कुळाचा मान तिने इतक्या ठामपणे का झिडकारला, याचा धागा तिच्याच घराण्यात सापडतो. तिचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले. गुप्तपणे जुना धर्म पाळल्याबद्दल १४८५ मध्ये तोलेदोच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्यांना शिक्षा केली होती. ज्या काळात ‘शुद्ध रक्ता’ची प्रमाणपत्रे मागितली जात, त्या काळात तेरेसाने आपल्या मठात प्रवेशासाठी ती अट घातली नाही.

स्त्रियांनी मौन प्रार्थना करणेही तेव्हा संशयास्पद मानले जाई. १५५९ मध्ये लोकभाषेतील अनेक आध्यात्मिक पुस्तकांवर बंदी आली. तेरेसा कॅस्टिलियन बोलीतच लिहीत राहिली. तिचे आत्मचरित्र इन्क्विझिशनच्या ताब्यात असतानाच, १५७७ मध्ये, सहा महिन्यांच्या आत तिने ‘अंतरीचा किल्ला’ लिहून पुरा केला. आत्मा म्हणजे सात महालांचा किल्ला, देव सर्वांत आतल्या महालात. पण तिथे पोहोचलेल्यालाही विसावा नाही. देवाशी ऐक्य झाल्याची खूण ती कृतीत शोधते. बायबलमधली कामात राबणारी मार्था आणि प्रभूचे ऐकत बसलेली मरिया या दोघी बहिणींनी मिळूनच प्रभूचा पाहुणचार करायचा, असा तिचा आग्रह आहे.

या सुधारणेची किंमत मोठी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे सहकारी क्रूसाचे योहान यांना सुधारणेला विरोध करणाऱ्या, तिच्याच कार्मेलाइट संघातल्या लोकांनी पळवून नेले आणि सुमारे नऊ महिने तोलेदोत डांबले. पोपच्या राजदूताने तिला अस्वस्थ, भटकी बाई ठरवले. तरी तिने ख्रिस्तसभेशी फारकत घेतली नाही. १५८२ मध्ये तिचे निधन झाले, तोवर तिच्या पुढाकाराने भगिनींचे सतरा मठ उभे राहिले होते. १२ मार्च १६२२ रोजी ती संत घोषित झाली. गोव्यात ज्यांचे शव जपले आहे, ते फ्रान्सिस झेवियरही त्याच दिवशी. ‘ख्रिस्तसभेची आचार्य’ हा मान मिळवणारी पहिली स्त्री ती ठरली, पण त्यासाठी १९७० साल उजाडावे लागले.

रोममधल्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या महासभेत, स्त्रियांना मताचा हक्क प्रथम मिळाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. नूतनीकरणाची चर्चा आता आपल्या पॅरिशांपर्यंतही पोहोचली आहे. त्या चर्चेत उतरणाऱ्यांनी ‘अंतरीचा किल्ला’ जरूर वाचावा, आणि त्यासोबत तेरेसाने आपल्या मठांसाठी लिहिलेली नियमावलीही वाचावी.