चापाभोवतीची कडी

फराळाची ताटे नुकतीच उचलली होती. धाकट्याने टिकल्यांचे पिस्तूल माझ्यापुढे धरून विचारले, "बाबा, चापाभोवती ही कडी कशाला?"

"चुकून दाबला जाऊ नये म्हणून."

"आणि मुद्दाम दाबला तर?"

मी शिक्षक खरा; पण उत्तर सुचले नाही.

मग या कडीचा इतिहास धुंडाळला. १८३६ सालच्या कोल्टच्या पॅटरसन रिव्हॉल्व्हरला कडीच नव्हती. चाप आत दडलेला असे. घोडा मागे ओढला की तो खाली येई. १८४७ च्या वॉकर रिव्हॉल्व्हरला चाप कायमचा बाहेर आला आणि त्याला कडीचे कुंपणही आले. पुढे १९२० नंतर त्याच कंपनीतल्या फिट्झजेराल्डने काही रिव्हॉल्व्हरांच्या कडीचा पुढचा भाग कापून टाकला. का, तर बोट चापावर चटकन पोचावे! १९८० च्या सुमारास अनेक पिस्तुलांची कडी पुढून चौकोनी झाली, दुसऱ्या हाताचे बोट तिथे टेकावे म्हणून. मग पकडीची रीत बदलली, दोन्ही हात कडीखाली एकवटू लागले, आणि बऱ्याच नव्या पिस्तुलांत ती पुन्हा गोल झाली.

हे सारे फेरफार हाताच्या सोयीचे. मनाला आवरील अशी कडी काही कुणाला घडवता आली नाही. जाणते बोट आत शिरेल एवढी जागा तिच्यात ठेवावीच लागते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशी एक कडी केली होती. छडी टेबलावर न ठेवता कपाटात ठेवायची; तिथवर जाईतो राग ओसरेल, हा हिशेब. एकदा एका मुलाने गृहपाठ आणला नाही. मी सावकाश चालत गेलो, कुलूप उघडले, छडी काढली. त्या दहा पावलांत राग ओसरला नाही; उलट त्याला कारणे सापडत गेली. आई आजारी म्हणून पोर रात्रभर जागले होते, हे मागाहून कळले. ती छडी मी मोडली. तिचा आवाज मात्र अजून कानात आहे.

मग कडी व्यर्थच का? तसेही नाही. पिस्तूल चालवायला शिकवताना म्हणे पहिला धडा हाच देतात: निर्णय होईपर्यंत बोट कडीबाहेर. कडी म्हणजे उंबरठा. तो कुणाला अडवीत नाही. थांबायचे कुठे, तेवढे सांगतो. थांबणे ज्याचे त्याने शिकायचे.

धाकट्याला मी एवढेच सांगितले, "मुद्दाम दाबला तर कडीचा इलाज चालत नाही, बाळ. म्हणून बोट बाहेर ठेवायची सवय करायची."

त्याने बोट बाहेर काढले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग अंगणात कुणी नाहीसे बघून टिकली उडवली.