वजाबाकी कुणाची चुकली?

वर्गातलं एखादं मूल मागे राहिलं, तर ते कुणाचं अपयश? सहसा तीन उत्तरं येतात: मुलाचं, आईबापाचं किंवा बाईंचं. तिन्ही उत्तरं सोयीची आहेत, कारण एकदा एक नाव सापडलं की बाकीचे मोकळे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मला ही सोयच घातक वाटते.

शिक्षकाचं काम रोज वीस-तीस जोडी डोळे बघत असतात, पण ते काम जाणणारं दुसरं कुणी तिथे नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन. पाच इयत्ता, दोन माणसं. शेजारच्या वर्गात डोकवायचं म्हटलं तर आपला वर्ग कुणावर सोडायचा?

म्हणून आसपासच्या शाळांचं मिळून केंद्र असतं आणि केंद्राची महिन्याला शिक्षण परिषद भरते. तिथे बऱ्याचदा परिपत्रकं वाचली जातात, भरायच्या माहितीची आठवण होते, चहा होतो, ग्रुपवर फोटो पडतो. पण कधीतरी कुणी मुलाची वही मधोमध ठेवतं, आणि बैठकीचा रंगच बदलतो.

समजा, त्या वहीत 42 वजा 17 चं उत्तर 35 आहे. ‘लक्ष नाही पोराचं,’ असं म्हणून फुली मारता येते. पण दुसऱ्या शाळेतल्या सरांच्या वहीतही 35 निघतं, तिसऱ्या शाळेतही 35. धांदरटपणाने चुकलेली उत्तरं वेगवेगळी येतात. सगळ्यांचं एकच चुकतंय, म्हणजे मुलं कुठलातरी नियम पाळतायत. हा नियम पहिलीत सर्रास सांगितला जातो: मोठ्यातून लहान वजा करायचं. दोनमधून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. चारातून एक गेला, तीन. मूल बेफिकीर नव्हतं, आज्ञाधारक होतं. मग कुणीतरी सांगतं, ‘काड्यांचे गठ्ठे द्या. चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. एक गठ्ठा त्यालाच सोडू दे.’ बारातून सात गेले, पाच. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक गेला, दोन. पंचवीस.

एकट्या वर्गात जे मुलाचं अपयश दिसत होतं, ते तीन वह्या शेजारी ठेवल्यावर शिकवण्याचा प्रश्न ठरतं.

जपानमध्ये याची जुनी रीत आहे, ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून एकच पाठ बेततात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे बघतात. नंतर चर्चा होते ती पाठाची. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे टीका एका माणसाला टोचत नाही. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या शिक्षकांनी मिळून वर्ग बदलले, तेव्हा ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. दुसऱ्याचा वर्ग बघण्याची भूक आपल्यालाही आहेच.

यावर एक आक्षेप खरा आहे. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, असं होणार नाही का? होतं ना. ‘सर्वांनी प्रयत्न करूया’ असं म्हणून उठलेल्या बैठकीतून काहीच हाती लागत नाही. म्हणून दोष आणि जबाबदारी वेगळी धरायला हवी. दोष एकावर टाकू नये, पण काम नाव घेऊनच वाटावं: काड्या कोण वापरून बघणार, पुढच्या महिन्यात वह्या कोण आणणार.

एवढं सगळं का करायचं? शाळांना चांगले शेरे मिळावेत म्हणून नाही. एखाद्या मुलीच्या वाट्याला कुठल्या बाई येतील, हा निव्वळ योगायोग असतो. तिचा हक्क फक्त तिच्या बाईंना जे येतं तेवढ्यावरच कसा संपेल? चार किलोमीटरवरच्या शाळेत कुणाला जे उमगलंय, तेही तिचंच आहे. म्हणून माहीत असून न सांगणं आणि अडलं असून न विचारणं, या माझ्या लेखी स्वभावाच्या गोष्टी नाहीत. दोन्हींची किंमत ती मुलगी भरते, आणि तिला ते कळतही नाही.