टाकाऊ ठरलेल्यांची नोंद

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (१७७७–१८३२) धन्वंतरी महालातील नेत्रचिकित्सेच्या नोंदी व रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे जतन करविली, ही गोष्ट मला त्यांच्या विख्यात ग्रंथसंग्रहाइतकीच मोलाची वाटते. कारण जे आज उलगडत नाही तेही दप्तरी दाखल व्हावे, या वृत्तीवाचून विज्ञान पुढे सरकत नाही.

१९०२ साली अमेरिकेत रॉबर्ट वुड यांना बारीक रेघा कोरलेल्या धातूच्या जालिकेवरून येणाऱ्या प्रकाशात काही अनपेक्षित काळे-उजळ पट्टे दिसले. उपकरणाचा दोष म्हणून ते सोडून देता आले असते; त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्या पट्ट्यांच्या मुळाशी असलेले, धातूच्या पृष्ठालगतचे मुक्त इलेक्ट्रॉनांचे सामूहिक आंदोलन संभवते हे भौतिकशास्त्रज्ञ रिची यांच्या गणिताने दाखविण्यास १९५७ साल उजाडले. जीवशास्त्रातही असेच घडले. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली रक्तातील ज्या कणांना प्लेटलेटची धूळ म्हटले, आणि पुढे अपक्व तांबड्या पेशी ज्यांच्यावाटे नकोसे प्रथिन बाहेर टाकताना आढळल्या, त्या पुटिका, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, दीर्घकाळ पेशीचा केरकचराच समजल्या गेल्या. त्यांतील आरएनए दुसऱ्या पेशीत पोहोचून कार्य करते, हे २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी सिद्ध केल्यावर मात्र त्यांच्याकडे निरोप म्हणून पाहणे भाग पडले.

या दोन उपेक्षितांची गाठ सोन्याच्या पत्र्यावर पडली. तंजावरी चित्रातील सुवर्णवर्ख समईचा प्रकाश परतवून देतो. संवेदक चकतीवरील सोने, प्रकाश योग्य रीतीने पाडल्यास, इलेक्ट्रॉनांच्या त्याच आंदोलनाच्या योगे त्याला पृष्ठालगतच्या सुमारे दोनशे नॅनोमीटरांच्या थरात कोंडून धरते. पुटिकांचा व्यास बहुधा ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे प्रतिपिंडांनी पृष्ठाशी बांधलेली आणि प्रतिदीप्त रंगकण जोडलेली पुटिका या तीव्र प्रकाशात संपूर्ण न्हाऊन निघते, आणि वरच्या द्रवातील इतर रंगकण बव्हंशी अंधारात राहतात. प्रतिदीप्त रंगकण सोन्याला अगदी चिकटला तर मात्र त्याची ऊर्जा धातू गिळून टाकतो, म्हणून मध्ये काही नॅनोमीटरांचे अंतर राखावे लागते. या अंतराच्या हिशेबातच कारागिराचे खरे कसब आहे. २०१४ साली बोस्टनमधील संशोधकांनी छिद्रांकित सुवर्णपटावर अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधील पुटिका ओळखल्या. पुढे अशा पृष्ठांना प्रतिदीप्तीची जोड मिळाली आणि एकेक पुटिका बिंदुरूपाने दिसू लागली.

या विद्येचा लाभ कावेरीच्या मुखप्रदेशातील गावांना मिळावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचेतो ज्याचा रोग बळावतो, अशा शेतमजुराला थेंबभर रक्तावरील परीक्षेचे मोल अधिक. परंतु चमकणारा प्रत्येक बिंदू रोगाची खूण नव्हे: रक्तातील मेद-प्रथिनांचे कण आकाराने पुटिकांशी जुळतात, आणि निरोगी पेशीही पुटिका सोडीतच असतात. म्हणून याच मुखप्रदेशातील तिरुवैयारु, पापनाशम येथील धडधाकट स्त्रीपुरुषांच्या रक्ताचे मापन आधी व्हावे लागेल, तेही पेरणीच्या, कापणीच्या आणि पुराच्या ऋतूंत वेगवेगळे.