पिलांवर बसलेली आई
(अनुवाद २२:६-७)

नीरेकाठच्या निरवांगीस पाऊस लागला म्हणजे बांधावरील झुडपांत राखी वटवट्या घरटे करितो. चिमणीहून लहान हा जीव. पण पाने कोळिष्टकाने शिवून आत तीनचार तुकतुकीत विटकरी अंडी ठेवितो, आणि नरमादी दोघेही ती उबवितात. त्यांची छायाचित्रे घेण्याची आवड हल्ली वाढली आहे. देवाच्या हातचे काम न्याहाळणे चांगलेच. परंतु चित्र स्पष्ट यावे म्हणून आडवी पाने छाटिली, तर पिले उन्हात होरपळतात व कावळ्यास वाट सापडते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पक्ष्यांची घरटी नासणे गुन्हा ठरविले. मोशेच्या नियमशास्त्राने तर पिलांवर बसलेल्या आईस धरू नये, असे फार पूर्वीच बजाविले. जे आपल्या हाती सहज लागते, ते सर्व आपले नव्हे, हाच त्याचा बोध आम्हांस दिसतो.

म्हणून मुलांस दुरून पाहण्यास शिकवू या. आई चोचीत अळी धरून फांदीवर ताटकळत असेल, तर चित्र राहू द्यावे व आपण मागे सरावे. चिमणीसही न विसरणारा पिता ते मागे सरलेले पाऊल पाहतो.