जाणत्याचे ऋण

एखाद्याने दुसऱ्याच्या वाटेवर काचा टाकल्या, तर त्याचा दोष आपल्याला चटकन दिसतो. काचा दिसतात, रक्त दिसते आणि काचा टाकणारा हातही बहुधा सापडतो. परंतु जी इजा डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, हाताला जाणवत नाही आणि जिचा परिणाम काही आठवड्यांनी, कधी वीस-वीस वर्षांनी प्रकट होतो, तिचा जाब कोणाला विचारायचा? किरणोत्सर्गाने हा जुना नैतिक प्रश्न मानवापुढे नव्या स्वरूपात उभा केला आहे.

त्यासाठी प्रथम किरणोत्सर्गाचे प्रकार समजून घ्यायला हवेत. अल्फा कण जड व आखूड पल्ल्याचे असतात. साधा कागद किंवा आपली त्वचाही त्यांना अडवू शकते. बीटा कण त्याहून पुढे जातात. काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्यांना थोपवतो. गॅमा किरण मात्र शरीर भेदून पलीकडे निघून जातात आणि त्यांना रोखण्यासाठी शिसे अथवा काँक्रीटची जाड भिंत लागते. यावरून अल्फा कण सर्वांत निरुपद्रवी असे कोणी समजेल, तर ती मोठी गफलत ठरेल. बाहेर असताना दुबळा असलेला हा कण अन्नातून वा श्वासातून शरीरात शिरला, तर आतील पेशींची सर्वाधिक नासधूस करतो.

अमेरिकेत १९१७ च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे काढण्याचे काम सुरू झाले. ते करणाऱ्या तरुण मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. तसे त्यांना शिकवलेलेच होते. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते व हाडांत जाऊन बसते. पुढे अनेकींचे जबडे झडले, हाडे ठिसूळ झाली, कित्येकी दगावल्या. त्याच व्यवसायातील रसायनतज्ज्ञ शिशाच्या आडोशाने काम करीत होते, ही त्यातील अधिक क्लेशकारक गोष्ट. म्हणजे ज्ञान त्या ठिकाणी होते. ते कुंचला धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचले नव्हते.

याहून विचार करायला लावणारी घटना ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली घडली. किरणोपचार करणारे एक खाजगी रुग्णालय १९८५ च्या अखेरीस दुसरीकडे गेले. जाताना सीझियम-१३७ असलेले उपचारयंत्र जुन्या वास्तूतच राहिले आणि परवाना देणाऱ्या शासकीय यंत्रणेला तसे कळवले गेले नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी त्या पडक्या इमारतीतून यंत्राचा भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत निळसर प्रकाश देणारी पूड होती. ती नवलाची वस्तू म्हणून त्याने आप्तेष्टांना वाटली. कोणी ती अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका बालिकेच्या हाताला लागलेली पूड घासाबरोबर तिच्या पोटात गेली.

घरोघर माणसे आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, त्वचा भाजल्यासारखी होणे ही लक्षणे डॉक्टरांनाही प्रारंभी उमगली नाहीत. अखेर भंगारवाल्याच्या पत्नीनेच ओळखले, की ही वस्तू घरात आल्यापासून सारे बिघडले आहे. उरलेला भाग पिशवीत घालून, एका कामगारासह बसने जाऊन तिने तो आरोग्य कार्यालयात पोहोचवला. त्यामुळे पुढील अनर्थ टळला. ती स्वतः आणि ती बालिका धरून चौघांचा मृत्यू झाला. १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली व २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात सीझियम आढळले.

या प्रसंगात दोषी कोण? पूड वाटणाऱ्याच्या हातून इजा झाली, पण त्याच्या मनात स्नेहच होता. ज्यांना त्या यंत्राचे स्वरूप ठाऊक होते, त्यांनी कोणालाही स्पर्शसुद्धा केला नव्हता. आपली रोजची न्यायबुद्धी हाताकडे पाहते. येथे मात्र जाणिवेकडे पाहावे लागते. जो जाणतो, त्याच्यावर न जाणणाऱ्याचे ऋण असते, आणि जागा सोडली वा कागदावर सही झाली म्हणून ते फिटत नाही. आपल्याकडे २०१० साली दिल्ली विद्यापीठातील अनेक वर्षे न वापरलेले यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यातील कोबाल्ट-६० मुळे मायापुरीच्या भंगार बाजारात एकाचा प्राण गेला. गोयानियाचा धडा तोवर तेवीस वर्षांचा झाला होता.

किरणोत्सर्गाचे परिणामही दोन तऱ्हांचे असतात. मोठी मात्रा एकदम मिळाली, तर रक्तनिर्मिती मंदावते, त्वचा भाजते व काही आठवड्यांत मृत्यू येऊ शकतो. अल्प मात्रेने केवळ कर्करोगाची शक्यता किंचित वाढते. ती कोणाच्या वाट्याला येईल, हे सांगता येत नाही. सदसद्विवेकबुद्धीची खरी कसोटी येथेच लागते. ज्याचे नाव व चेहरा आपल्याला कधीच कळणार नाही, त्याच्याविषयीही आपण उत्तरदायी असतो काय? असतो, असेच म्हणावे लागेल. कारण चेहरा आपल्याला न दिसल्याने त्याची वेदना कमी होत नाही.

मात्र या जाणिवेचे रूपांतर आंधळ्या भीतीत होता कामा नये. निसर्गातूनच प्रत्येकाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळत असते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा तिच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास वा त्याहून कमी असते. एक्स-रे काढलेला किंवा यंत्राद्वारे बाहेरून किरणोपचार घेतलेला रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. त्याच्या ताटात जेवले, त्याला कवेत घेतले, तरी काही बिघडत नाही. किरणोत्सर्गी आयोडीन पोटात घेतलेल्या रुग्णाने मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस, विशेषतः मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून, अंतर ठेवावे लागते. हा फरक न समजल्याने घरातला आजारी माणूस विनाकारण एकटा पडतो. गोयानियात त्या बालिकेच्या दफनाच्या वेळी भयभीत जमावाने दगड फेकले होते.

म्हणून जाणून घेणे हे तज्ज्ञांवर सोडून देण्याचे काम नव्हे. डॉक्टरांना ‘ही तपासणी आवश्यक आहे का?’ असे विचारणे, अनोळखी धातूची जड पेटी न उघडता संबंधितांना कळवणे, आजाऱ्याच्या जवळ केव्हा बसावे हे समजून घेणे, ही साधी कर्तव्ये आपलीही आहेत. गोयानियातील त्या गृहिणीला अल्फा-बीटा-गॅमा ठाऊक नव्हते. तिने आजारी माणसांकडे लक्ष देऊन पाहिले, दोन गोष्टींचा संबंध जोडला आणि जे कळले ते योग्य ठिकाणी पोहोचवले. ज्यांना सारे ठाऊक होते, त्यांच्याकडून राहून गेले ते एवढेच.