उसनी उत्तरे

जे साधन आपण घडविले नाही व ज्याची अंतर्गत रीत आपणांस ठाऊक नाही, त्याने दिलेले उत्तर आपले ज्ञान म्हणून सांगण्याचा आपणांस अधिकार आहे काय? प्रश्न जुना आहे. परंतु जीवशास्त्राचे जे विद्यार्थी आज जनुकांच्या अक्षरमाला संगणकावर जुळवितात, त्यांच्यापुढे तो नव्या रूपाने उभा आहे. तयार आज्ञावल्या असता प्रोग्रॅमिंग शिकण्यात दिवस कशास घालवावे, असे त्यांपैकी काहींस वाटते.

हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. भिंगे स्वतः घासल्यावाचून दुर्बिणीतून ग्रह पाहू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि दुर्बीण केवळ दाखविते; जुळणीची आज्ञावली निवाडा करते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. डीएनएची अक्षरे चार: ए, सी, जी व टी. समजा, एक माला ‘एसीजीटी’ व दुसरी ‘एजीटी’ आहे. दुसरीत ‘ए’नंतर एक जागा रिकामी सोडली, तर तीन अक्षरे जुळतात. न सोडता ती पहिलीच्या शेवटास भिडविली, तर दोन जुळतात व एक विजोड पडते. यांतील खरी जुळणी कोणती? जुळत्या अक्षरास एक गुण द्यावा, विजोडाचा एक कापावा आणि कडेची मोकळी जागा मोजू नये. मग मधल्या रिकाम्या जागेसाठी अर्धा गुण कापला, तर पहिली मांडणी सरस ठरते. तीन कापले, तर दुसरी. नीडलमन व वुन्श यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेली रीत दिलेल्या गुणांनुसार सर्वोत्तम जुळणी बिनचूक काढते. पण गुण किती द्यावे, हे ती सांगत नाही. ते मनुष्यच ठरवितो. ज्याने ही रीत एकदाही स्वतः लिहिली नाही, त्यास दुसऱ्याने घेतलेला हा निर्णय सृष्टीचाच नियम भासतो.

याहून साधा दाखला एक्सेलचा. ‘मार्च1’ हे एका जनुकाचे नाव. एक्सेलने ती तारीख समजून मुकाट्याने बदलावी! जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांची तपासणी 2016 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. अखेर 2020 साली अशा जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर झाले. ‘मार्च1’चे ‘मार्चएफ1’ झाले. त्या लेखकांस असत्यवादी कोण म्हणेल? पण जे पारखले नाही, ते त्यांनी आपल्या सहीने सांगितले, एवढे खरेच.

कोणी म्हणेल, एवढ्या चुकीने काय बिघडते? यादी कपाटात राहिली तर थोडेच. परंतु अशाच जुळणीवरून रुग्णाच्या जनुकात अमुक अक्षर बदलले आहे, असा अहवाल निघतो, आणि त्यावर एखादे कुटुंब शस्त्रक्रियेचा किंवा अपत्याचा विचार करते. त्या कुटुंबास यंत्रास जाब विचारता येत नाही.

सर्व साधने प्रत्येकाने नव्याने घडवावी, असा आमचा आग्रह नाही. तसे केल्यास विद्येचे गाडे एक पाऊल पुढे जाणार नाही. विद्यार्थ्याने जुळणीचा तक्ता एकदा कागदावर हाताने भरावा, मग तीच रीत वीसतीस ओळींच्या आज्ञावलीत उतरवावी, आणि गुण बदलून उत्तर कसे पालटते ते पाहावे. नंतर तयार साधने खुशाल वापरावी. उसने घेण्यात लाज नाही. पण उसने कोणत्या अटींवर घेतले, हे ज्यास ठाऊक नाही, त्याने ते आपले म्हणून दुसऱ्यास देऊ नये.