खेतवाडीतले आत्मज्ञान

निसर्गदत्त महाराजांच्या शिकवणीचा आरंभ ‘मी आहे’ या जाणिवेपासून होतो. ही जाणीव कुणाला मिळवावी लागत नाही. झोपेतून जाग येताच, नाव-गाव, वय, व्यवसाय, कालची भांडणे आणि आजची कामे आठवण्याच्या आधी, आपण आहोत एवढे प्रत्येकाला कळते. बाकीचे सारे त्यानंतर येऊन तिला चिकटते : मी अमक्याचा मुलगा, मी दुकानदार, मी हुशार, मी अभागी. स्वतःला ओळखू पाहणाऱ्याने या चिकटलेल्या गोष्टी उलटसुलट करून पाहण्यात आयुष्य घालवू नये. त्या ज्याला चिकटल्या, त्या निखळ असणेपणाशी राहावे, असे महाराज सांगत. त्यासाठी घर सोडायला नको, वस्त्रे बदलायला नकोत. हे सांगणारा माणूस मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवत होता, आणि ही गोष्ट त्याच्या शिकवणीपासून वेगळी काढता येत नाही.

महाराजांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १७ एप्रिल १८९७ रोजी मुंबईत, हनुमान जयंतीच्या दिवशी. नाव त्यावरूनच पडले. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात शेतीच्या कामात गेले, शाळा जेमतेम झाली. १९१५ मध्ये वडील वारले आणि १९१८ मध्ये थोरल्या भावामागोमाग ते मुंबईला आले. काही काळ कारकुनी करून त्यांनी स्वतःचा धंदा मांडला : लहान मुलांचे कपडे, तंबाखू, विड्या. धंद्याला बरकत आली आणि दुकाने वाढत आठांवर गेली. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न झाले. पुढे एक मुलगा आणि तीन मुली. पोटापाण्यासाठी कोकणातून मुंबईला येऊन जम बसवलेल्या कुठल्याही कुटुंबाची ही हकीकत असू शकेल.

१९३३ मध्ये यशवंतराव बागकर या मित्राने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. सिद्धरामेश्वर (१८८८–१९३६) सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर यांनी विजापूर भागातल्या इंचगिरीला मठ उभा केला होता. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गुरुदेव रा. द. रानडे हेही भाऊसाहेबांचेच शिष्य. या संप्रदायात नामस्मरण आणि दीर्घ ध्यान यांवर भर होता. सिद्धरामेश्वरांनी ती साधना केली. मात्र शिष्यांना सांगताना त्यांनी विचाराला, विवेकाला पुढे आणले. मुंगी खोडावरून एकेक पाऊल चढत फळाशी पोहोचते, पक्षी थेट झेप घेतो. पहिला पिपीलिका मार्ग, दुसरा विहंगम मार्ग. सिद्धरामेश्वर दुसऱ्याचा पुरस्कार करत.

त्यांच्या निरूपणाला आधार बहुधा ‘दासबोधा’चा असे आणि मांडणी चार देहांची. स्थूल देह हाडामांसाचा. सूक्ष्म देह मन, बुद्धी, इंद्रियांच्या शक्ती यांचा. त्यामागे कारण देह, म्हणजे काहीच कळत नसल्याची अवस्था, गाढ झोपेतला तो अंधार. आणि ‘काही कळले नाही’ हेदेखील ज्याला कळते तो महाकारण देह : निखळ ‘मी आहे’. साधकाने एकेका देहाशी थांबून ‘हा मी आहे का?’ असे तपासायचे, तो जाणला जातो म्हणून तो मी नव्हे असे ठरवत पुढे सरकायचे, आणि महाकारणाशी पोहोचल्यावर त्यालाही मागे टाकायचे. निसर्गदत्तांच्या पुढल्या सगळ्या बोलण्याचे बीज या शेवटच्या पायरीत आहे. त्यांना परंपरेपासून तुटलेला स्वयंभू विचारवंत मानणारे वाचक पुष्कळ आहेत. सिद्धरामेश्वरांची निरूपणे वाचली की तो समज टिकत नाही. शिष्याने मधल्या पायऱ्यांचे वर्णन संक्षिप्त केले आणि शेवटच्या पायरीवर सगळा प्रकाश टाकला, एवढाच फरक. पण तो मोठा आहे.

गुरूने सांगितले की तू देह नाहीस, तू परब्रह्म आहेस. ‘मी आहे’ या जाणिवेकडे लक्ष दे आणि तिथेच राहा. कांबळी दुकानदाराने त्यावर विश्वास ठेवला, आणि रिकामा वेळ मिळेल तेव्हा तेवढेच केले. तीनेक वर्षांत आपल्याला जे कळायचे ते कळले, असे ते नंतर सांगत. १९३६ मध्ये गुरू गेले. १९३७ मध्ये ते घरदार सोडून पायी निघाले. वाटेत एका गुरुबंधूशी बोलणे झाले आणि प्रपंचात राहून अनासक्त असणे अधिक मोलाचे आहे हे पटले. १९३८ मध्ये ते परतले तेव्हा आठांपैकी एकच दुकान उरले होते. त्यांनी ते चालवले. पुढे सुमतीबाईंचा मृत्यू, एका मुलीचाही मृत्यू, हे सारे त्याच घरात सोसले गेले. १९५१ पासून ते अनुग्रह देऊ लागले. १९६६ मध्ये दुकान मुलाकडे गेले आणि महाराजांचा दिवस घरातल्या पोटमाळ्यावर, येणाऱ्यांशी बोलण्यात जाऊ लागला.

रोजच्या जगण्याविषयी त्यांचे सांगणे काय होते, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण येणारे बहुतेक जण संसारी होते. नोकरी सोडू का, लग्न करू की नको, ध्यानाला किती तास बसू, असे विचारत. कामधंदा सोडण्याला महाराजांनी साधना मानले नाही. त्यांचे लक्ष काम कोण करतो आहे, याकडे असे.

रागाचे उदाहरण घेता येईल. मुलाने वडिलांचे ऐकले नाही, शब्दाने शब्द वाढला, वडिलांचा तोल गेला. एरवी माणूस म्हणतो, मी रागावलो; मग रागाचे समर्थन करतो किंवा पश्चात्ताप करतो. दोन्हींत राग आणि ‘मी’ एकच धरलेले असतात. महाराजांच्या दृष्टीने राग उठला हे कुणाला तरी कळले आहे, आणि ज्याला कळले तो त्या वेळीही रागात बुडालेला नव्हता. राग दाबायचा नाही, घालवायचाही नाही, तो पाहायचा. पाहता पाहता दिसते की धक्का मुलाच्या वागण्याचा नव्हता, ‘मी बाप आहे, माझा शब्द चालला पाहिजे’ या प्रतिमेला तो लागला. ती प्रतिमा केव्हातरी गोळा केलेली आहे. ती नसतानाही आपण होतोच. एवढे स्पष्ट दिसल्यावर मुलाशी बोलायचे शब्द कदाचित तेच राहतील. त्यांतला दंश राहणार नाही.

भय आणि इच्छा यांचेही तसेच. देहालाच ‘मी’ मानले की त्याचा नाश म्हणजे माझा नाश, म्हणून भय. देहाएवढाच मी असलो तर मी अपुरा, म्हणून काहीतरी मिळवून पुरे होण्याची इच्छा. माणसाच्या दिवसातला केवढा तरी भाग या दोघांच्या ये-जा करण्यात जातो. एखादी इच्छा पुरी झाली की थोडा वेळ शांत वाटते, आणि ती शांतता मिळालेल्या वस्तूची आहे असे माणूस समजतो. वस्तुतः त्या क्षणी मागणे थांबलेले असते, म्हणून स्वतःचे सहज स्वरूप थोडे उघडे पडते. वेदान्तात हा विचार जुना आहे. महाराजांनी तो समोरच्याच्या अनुभवात दाखवून दिला, हे त्यांचे वैशिष्ट्य. ते फारसे संदर्भ देत नसत. प्रश्न विचारणाऱ्यालाच उलट विचारत : हे तुला केव्हा कळले? ते कळण्यापूर्वी तू कोण होतास? पुष्कळदा बोलणे रोखठोक होई, कधी आवाज चढे. पाहुण्यांसमोर विडी ओढायला त्यांना संकोच वाटत नसे. साधुत्वाची ठरावीक कल्पना घेऊन आलेल्यांना ते जड जाई.

यातून कर्तेपणाचा विचार येतो, आणि इथे ही शिकवण अवघड होते. कोणतीही घटना एका कारणाने घडत नाही. तिच्यामागे असंख्य कारणे असतात आणि ‘मी केले’ हा दावा नंतर येऊन बसतो, असे महाराजांचे प्रतिपादन आहे. मग जबाबदारीचे काय? अन्यायाचे काय? त्यांचे प्रसिद्ध संवाद १९७०च्या दशकाच्या आरंभीचे, बांगलादेश युद्धाच्या आसपासचे आहेत, आणि युद्धाविषयी, जगातल्या दुःखाविषयी विचारणारे लोक त्यांत भेटतात. महाराजांचे उत्तर असे की जग हे माणसांच्या भय-इच्छांचेच रूप आहे. स्वतःतल्या गोंधळाला हात न लावता जग सुधारायला निघालेला तो गोंधळच वाढवतो. हे उत्तर खोल आहे, पण पुरे नाही. भुकेल्याचे दुःख प्रतिमेला लागलेल्या धक्क्यासारखे नसते, आणि गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात हे वेगळे सांगायला नको. ‘सारे आपोआप घडते’ हे वाक्य अनुभवाशिवाय तोंडी आले तर ते आळसाला आणि निष्ठुरपणाला पांघरूण घालते. तसा वापर झालेलाही आहे.

या आक्षेपाला महाराजांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या संवादांच्या अनुवादकाचे आयुष्य अधिक चांगले उत्तर देते. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधले ज्यू इंजिनिअर. १९३०च्या दशकात विजेच्या सामानाच्या कारखान्याचे काम पाहायला ते बंगळुरूला आले आणि भारतातच राहिले. गांधीजींच्या सहवासात आले, चरख्याच्या सुधारणेत लक्ष घातले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेच्या हाती राज्य सोपवण्याचे ठरवले तेव्हा त्या प्रयोगामागे फ्रीडमन होते. १९३९ मध्ये लागू झालेल्या औंधच्या स्वराज्य-घटनेत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे तिबेटी निर्वासितांसाठी ते झटले. तिरुवन्नामलैला रमण महर्षींकडे त्यांनी वास्तव्य केले होते, जे. कृष्णमूर्तींशीही त्यांचा निकटचा संबंध होता. उतारवयात ते खेतवाडीच्या पोटमाळ्यावर येऊ लागले. मराठीतून झालेले संवाद त्यांनी इंग्रजीत आणले आणि १९७३ मध्ये मुंबईच्या ‘चेतना’ने ते ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने प्रसिद्ध केले. मराठीत हे संवाद ‘सुखसंवाद’ म्हणून वाचायला मिळतात. फ्रीडमन अखेर मुंबईतच वारले. ‘मी कर्ता नाही’ हे मानणारा माणूस किती काम करू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

पुस्तक जगभर गेले आणि अमेरिका-युरोपातून माणसे येऊ लागली. दाटीवाटीच्या त्या खोलीत दुभाष्यामार्फत प्रश्नोत्तरे चालत. जागा थोडी, म्हणून बाहेरून आलेल्यांना महाराज काही दिवसांतच परत पाठवत. आश्रम त्यांनी काढला नाही. या वाचकांपर्यंत एक गोष्ट मात्र नीट पोहोचली नाही. त्या पोटमाळ्यावर गुरूंच्या तसबिरीची पूजा होई, आरती होई, संप्रदायाची भजने रोज ठरल्या वेळी टाळांच्या गजरात होत. जगच मिथ्या म्हणणारा माणूस आरती का करतो, असे कुणाला वाटले तर ते त्याला मराठी परंपरा अपरिचित आहे म्हणून. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत इथे अद्वैत आणि भक्ती एकाच घरात नांदत आली आहेत. महाराजांच्या मते ‘मी आहे’शी अखंड राहणे हीच भक्ती, आणि गुरूने नेमून दिलेले भजन हा कृतज्ञतेचा व्यवहार. हा भाग वगळून उरणारी शिकवण केवळ बुद्धीची कसरत होण्याची भीती असते.

१९८०च्या सुमारास महाराजांना घशाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. या काळातल्या संवादांचा सूर आधीच्यापेक्षा वेगळा आहे. पूर्वी ते साधना, सचोटी, तळमळ यांविषयी सविस्तर बोलत. आता तो धीर त्यांना उरला नव्हता. ‘मी आहे’ ही जाणीवदेखील देहाच्या अन्नरसातून उपजते, असे ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. वयाच्या दोन-तीन वर्षांपर्यंत ती उमललेली नव्हती, रोज झोपेत ती मावळते, अन्नरस आटला की ती जाईल. जे येते आणि जाते ते आपले स्वरूप कसे? जिला आयुष्यभर धरून राहायला सांगितले, ती जाणीवच पाहुणी ठरली. हा विरोध वरवरचा आहे. महाकारण देहही ओलांडायचा, हे सिद्धरामेश्वरांनी सांगितलेलेच होते. आजारपणात शिष्य ते स्वतःवर बोलून दाखवत होता. वेदना आहेत, त्या देहाला आहेत, आणि त्या कळतात, एवढे ते नाकारत नव्हते. शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत त्यांनी बोलणे चालू ठेवले. ८ सप्टेंबर १९८१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, खेतवाडीतल्या त्याच घरी त्यांचे निधन झाले.

या अखेरच्या पर्वाचे संवाद जीन डन या अमेरिकन शिष्येने संपादित केले, आणि निवृत्त बँक अधिकारी रमेश बाळसेकर यांनी १९८२ मध्ये महाराजांच्या विचारांची स्वतंत्र मांडणी प्रसिद्ध केली. बाळसेकरांचा भर ‘कर्ता कुणीच नाही’ यावर आहे आणि परदेशात तीच बाजू अधिक रुजली. मराठी वाचकाने आरंभ उत्तरकाळातल्या पुस्तकांपासून करणे श्रेयस्कर नाही. तिथे पायऱ्या काढून घेतलेल्या आहेत. ‘सुखसंवाद’ आधी वाचावा, सोबत सिद्धरामेश्वरांची चार देहांवरची निरूपणे असावीत. गुरूंची पुष्कळ निरूपणे महाराजांनीच ऐकता ऐकता लिहून घेतली होती आणि पुढे छापून घेतली. दुकान सांभाळत केलेले हे त्यांचे लेखनकार्य.